काकीच्या हातावरचं नाव

मला अक्षरओळख शाळेत झाली नाही, काकीच्या हातावर झाली. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, हिरव्या गोंदणात काकांचं नाव होतं. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि दुसरी-तिसरी शिकलेली माझी आई चुलीपुढून ती मला सांगायची. काकीला स्वतःला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत आमच्या घरात नव्हती. कुणी विचारलंच, तर ती पदर सारून हात पुढे करायची आणि म्हणायची, "वाचा की." मतदारयादी करायला आलेले मास्तर असोत, दवाखान्यातली नर्स असो, सगळ्यांना तिचा हाच जबाब.

काका मी पाहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत गेले आणि तिथेच राहिले. तेव्हा मी पाळण्यात होते. आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडे. ऊस, थोडं जिरायत, आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत, त्यामुळे लढाईत मेलेला काका असणं ही आमच्याकडे नवलाई नव्हती. काकीला मूलबाळ नव्हतं, ती माहेरीही परत गेली नाही. आम्हा दोघा भावंडांना आईनं जन्म दिला आणि काकीनं वाढवलं, असंच म्हणायला हवं. धाकट्याचं तर तिच्यावाचून पान हलत नसे.

हा धाकटा पुढे यंत्रांच्या कामात तरबेज झाला आणि सत्तर सालानंतर जर्मनीतल्या एका कारखान्यात करारावर गेला. मी तोवर सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन कॉलेजात भूगोल शिकवू लागले होते. युरोपचा नकाशा मी फळ्यावर न बघता काढायची, पण माझी स्वतःची धाव पुण्यापर्यंत. विद्यार्थी मला विचारत, बाई, आल्प्स बघितलाय का, आणि मी त्यांना गप्प बसायला सांगत असे.

धाकटा रजेवर आला तेव्हाची संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घराच्या पुढच्या सोप्यात आबा, म्हणजे माझे वडील, खांबाला टेकून तंबाखू मळत होते. आई आणि मी जोत्याच्या कडेला. काकी आतल्या दाराच्या आड, चौकटीला पाठ लावून. आबा तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, आलंच तर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, आणि बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचं झालं तर आम्हा पोरांच्या तोंडून. "त्यांस्नी म्हनावं, भाकरी वाढलीया." एका घरात इतकी वर्षं राहून या दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

धाकट्यानं सांगितलं, सुट्टीत एका मित्राच्या गाडीतून तो डोंगर ओलांडून इटलीत उतरला होता. एका नदीकाठी आपल्याकडच्या सैनिकांचं स्मारक आहे. ज्यांना दहन दिलं त्यांची नावं तिथे दगडावर कोरली आहेत. "काकांचं नाव दोनदा-तीनदा शोधलं, सापडलं नाही," तो म्हणाला. "आपल्या आडनावाचा, आपल्या पलटणीतला एकच माणूस होता तिथे. पण आबा, ते नाव तुमचं होतं." आणि त्यानं फोटो पुढे केला. पांढऱ्या दगडावर इंग्रजीत माझ्या बापाचं नाव कोरलेलं होतं.

मला वाटलं, कुणातरी कारकुनानं घोळ घातला. मी तसं म्हणालेही, आणि वर कारकुनांच्या जातीला दोन शब्द सुनावले. आबांनी तंबाखू तशीच तळहातावर ठेवली.

"माजंच नाव हाय," ते म्हणाले. "म्याच दिल्यालं."

मग ते बोलत राहिले. आबा एका दमात इतकं बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते. रहिमतपूरच्या बाजारात भरतीवाले आले होते. काकांचं वय भरत नव्हतं, उंची मात्र आबांपेक्षा जास्तच होती. पलटणीत जायचं म्हणून त्यांनी दोन दिवस घरात अन्न शिवलं नाही. शेवटी आबांनी आपला शाळेचा दाखला त्यांच्या हातात दिला. त्या दाखल्यावर काका भरती झाले, आणि एकदा पलटणीच्या कागदावर चढलेलं नाव पुन्हा उतरत नाही. पहिल्या रजेत काकांचं लग्न झालं. नवऱ्यामुलाचं खरं नाव गावाला माहीत होतं, काकीच्या हातावर गोंदलं गेलं तेही खरंच. मग ते बोटीत बसले.

"आन् तार आली," आबा म्हणाले. "पोस्टमननं माज्याच हातात दिली. मी मेल्याची तार म्याच घेतली."

आई पदरानं डोळे पुसत होती आणि मी फोटो हातात घेऊन ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. माझ्या नावामागे लागलेलं बापाचं नाव मी शाळेपासून मिरवत आले होते. ते एका मेलेल्या पोरानं परदेशात अंगावर घातलं होतं आणि परत आणून दिलं नव्हतं, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

काकी आतून बोलली, धाकट्याचं नाव घेऊन. "मला तितं ने."

"काकी, नाव काकांचं नाही तिथं."

"नाव नसंल. मानूस तितंच हाय न्हवं?"

धाकट्याचा करार दिवाळीत संपत होता. त्याच्या आत काकी तिथे पोचली तर तो तिला नेणार, दाखवणार, परत आणून सोडणार. करार संपला की आमच्यापैकी कुणाचंच पुन्हा तिकडे जाणं होणार नव्हतं. तिकिटाची सोय तो करणार होता. कागदपत्रांचं माझ्या गळ्यात घालून तो निघून गेला, कारण घरात शिकलेली मीच.

मला वाटलं होतं, फॉर्म भरणं म्हणजे काय मोठं. पहिल्या रांगा झटझट भरल्या. जन्मतारखेशी अडले, कारण काकीच्या मते तिचा जन्म "बेंदराच्या म्होरं, शेजारची म्हस व्याली त्या आटवड्यात" झाला होता. तेही निभावलं. मग पतीच्या नावाची रांग आली आणि माझा पेन थांबला.

आबांनी ट्रंकेतून काकीच्या पेन्शनचे कागद काढले. त्यात ती माझ्या वडिलांची पत्नी होती. काकीचं नाव, पुढे आबांचं नाव, मग आडनाव. माझ्या आईचं रेशनकार्डावर असायचं तसंच. गेली तीस वर्षं आबा दर वेळी काकीला साताऱ्याला घेऊन जात. एस्टीत ते पुढच्या बाकावर, ती मागच्या. रस्त्यानं ते पुढे, ती मागे अंतर ठेवून. आणि कचेरीत पोचलं की ज्या माणसाकडे तिनं कधी मान वर करून पाहिलं नाही त्याची विधवा म्हणून अंगठा उठवायचा, तो माणूस दारात छत्री घेऊन उभा. आईला हे सगळं ठाऊक होतं. "कागदावर सवत हाय ती माजी," ती मला म्हणाली. "पर अशी सवत सात जन्म मिळू दे."

आता पासपोर्टवर कोणतं नाव घालायचं? मी व्यवहार बघितला. पेन्शनच्या कागदावर आहे तेच इथे घालावं, विषय संपवावा. काकीला तसं सांगितलं. ती जात्यापाशी बसली होती. तिनं पदर सारला आणि हात पुढे केला.

"ह्ये लिव."

"काकी, हे नाव सरकारला माहीत नाही. पेन्शन बंद होईल, पासपोर्टही मिळणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

"अगं, कागदावर काय आहे त्याला काय करायचंय? तू तिथं जाऊन बघून ये ना."

काकी कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही तिनं चढवला नाही. "पोरी, हितं अंगटा उटवला त्ये पोटासाटी. तितं जाऊन मी कुनाची बायकू म्हून हुबी ऱ्हाऊ? थोरल्या दिराची? आन् ह्यांनी ऐकलं तर?"

'ह्यांनी' म्हणजे काकांनी. मी चिडले, फॉर्म पिशवीत कोंबला आणि संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परतले. नंतरचा आठवडाभर मी वर्गावर उगाच ओरडत होते.

पण राहवेना. पुढच्या रविवारी आबांना घेऊन साताऱ्यात एका वकिलाकडे गेले. त्यानं चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मजा वाटल्यासारखं काहीतरी उमटलं. "बाई, पेन्शनवरचं नाव घातलंत तर चौकशीला पोलीस येणार, आणि ज्याला मयत म्हणताय तो त्याला ओट्यावर बसलेला सापडणार. खरं नाव घातलंत तर या बाईंचे यजमान लढाईत गेले याला कागदच नाही. आणि आबा, दाखला तुम्ही दिलात, ही गोष्ट कुणी मनावर घेतली तर तुम्हालाही जड जाईल."

आबा म्हणाले, "जड जाऊ द्या की." आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मी त्याला नाव दिलं. आता त्याच्या बायकूला त्याचं नाव द्यायची पाळी आली तर मागं सरू व्हय?"

आबांनाच मग नुसत्या ऐकून माहीत असलेल्या एका सुभेदारांची आठवण झाली. काकांच्याच कंपनीत होते, निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधून राहिले होते. अंगणात खाटेवर बसलेला ताठ म्हातारा, मिशा पांढऱ्याफेक. आबांनी आपलं नाव सांगितलं तसे ते उठून उभेच राहिले. त्यांच्या लेखी त्या नावाचा माणूस त्यांच्या हातांत गेला होता.

आबांनी सगळं सांगितल्यावर ते खाली बसले. बराच वेळ गुडघ्यावर हात आपटत राहिले. "तरीच," ते म्हणाले. "तरीच गड्या! हजेरीला नाव पुकारलं की ह्यो ओ द्यायला उशीर करायचा. हवालदार लय शिव्या घालायचा, बहिरा हाय का म्हून. आता कळलं. सोताचं नाव न्हवतंच त्येचं." आणि ते हसता हसता रडायला लागले. आबांनी आपल्या पटक्याचं टोक त्यांच्या हातात दिलं.

ते सावरले, मग हुकूम सोडल्यासारखं बोलू लागले. असले एकटे काका नव्हते, म्हणाले. वय भरत नाही म्हणून थोरल्या भावाच्या दाखल्यावर आलेली किती तरी पोरं पलटणीत होती. काही परत आली आणि म्हातारी झाली तरी भावाच्याच नावानं पेन्शन खातात. "दोनी नावं लिवा. कागदावरचं आदी, मग उर्फ, मग खरं. वकिलाकडनं प्रतिज्ञापत्र करा. थोरल्या भावानं लिवून द्यायचं की म्या जिता हाय आन् दाखला माजा हुता. मी सही करतो की ह्यो मानूस आन् त्यो मानूस एकच. मला कोन काय करतंय बघू."

मी गावी जाऊन काकीला ते वाचून दाखवलं. दोन नावं, मध्ये उर्फ. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हंजी दोगं भाऊ एका वळीत?"

"हो."

"मग चालंल," ती म्हणाली.

फोटोला ती साताऱ्याला आली. फोटोग्राफर म्हणे, पदर मागे घ्या, कान दिसायला हवेत. काकीनं त्याच्याकडे पाठ फिरवून पदर मागे घेतला, डोळे मिटून घेतले आणि तशीच वळून बसली. तिला डोळे उघडायला लावताना त्या माणसाला घाम फुटला. नंतर देवीची लस. त्या काळी लस टोचल्याचं पिवळं पुस्तक दाखवल्याशिवाय विमानात घेत नसत. काकीला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तोंडावर वण होते. डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, आजी, तुम्हाला गरज नाही, पण पुस्तकाला आहे. काकीनं उजवा हात पुढे केला. डावा देणार नाही, म्हणाली.

एवढं सगळं करून फॉर्म मुंबईला गेला आणि चौकशीला पोलीस जमादार आला. तो आला तेव्हा मी नेमकी घरी होते. सायकल जांभळीला लावून, टोपी काढून ओट्यावर बसला. आईनं गूळपाणी दिलं. त्यानं कागद उघडला आणि पहिला प्रश्न आबांनाच केला. हे मयत इसम कधी मयत झाले?

"मयत म्याच," आबा म्हणाले.

जमादारानं गूळ तोंडात तसाच ठेवला. आबांनी त्याला सरळ सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. जमादार तरुण होता, बिचारा घामाघूम झाला. कागदावर लिहायचं काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "आबा, तुमी म्हनता, सुभेदार लिवत्यात, समदं खरं. पर बाईंनी सोता सांगाया पायजे. मालक कोन, नाव काय. मला त्यांच्या जबानीत लिवायचंय."

आम्ही सगळे दाराकडे बघू लागलो. आतून काकीचा हात बाहेर आला, कोपरापर्यंत उघडा, गोंदणाची बाजू वर करून. जमादार उठला, दारापाशी गेला, वाकून एकेक अक्षर वाचलं.

"बाई, ह्ये वाचलं मी. पर ओट्यावर बसल्यात ह्ये कोन, त्ये बी सांगा."

आबांनी ओळखलं. ते ओट्यावरून उठून खाली उतरू लागले, म्हणजे तिला त्यांच्यादेखत बोलावं लागू नये. पण काकीचा आवाज त्यांच्याआधी बाहेर आला. बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"बसू द्या त्यांस्नी. ते माजं थोरलं दीर हायती. बापाच्या जागी हायती. त्यांचं नाव लावून मी तीस वर्सं खाल्लं, पर मी बायकू ह्या हातावर ज्यांचं नाव हाय त्यांची. लिवा."

आबा पायरीवरच थांबले. त्यांनी डोक्यावरचा पटका उतरवून हातात घेतला. आमच्याकडे माणूस देवळात किंवा मैताला पटका उतरवतो. जमादार दाराशी उभा राहूनच लिहीत होता, खाली बसायचं त्याला सुचलं नाही. ओळख पटवायच्या खुणेच्या रांगेत त्यानं लिहिलं की डाव्या हातावर पतीचं नाव गोंदलेलं आहे.

मी तेव्हा कॉलेजात वर्षानुवर्षं बोलण्याचे पैसे घेत होते. पण बोलणं म्हणजे काय असतं ते मी त्या ओट्यावर पाहिलं.

पासपोर्ट रजिस्टर पोस्टानं आला, गणपती बसायच्या सुमारास. गावातल्या बाईमाणसाचा तो पहिलाच. लोक हात धुऊन बघायला येत. मी काकीला पहिलं पान मराठीत करून सांगितलं, की भारताच्या राष्ट्रपतींच्या नावानं सगळ्यांना विनंती आहे, या बाईला कुठे अडवू नका, हिला जाऊ द्या, आणि लागेल ती मदत आणि संरक्षण द्या.

"माज्यासाटी?" काकी म्हणाली.

"तुझ्यासाठी."

"आन् कुनाला सांगत्यात?"

"जगातल्या सगळ्यांना."

ती पासपोर्ट दोन्ही हातांत धरून बसली. "ह्यांच्यापाशी असलं पुस्तक हुतं का गं?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. काकांच्या वेळी बंदूक होती, पुस्तक नव्हतं. त्यांना कुणी अडवू नये असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. काकीनं पासपोर्ट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि त्या दिवसापासून निघेपर्यंत रोज त्याला हळदकुंकू वाहिलं. मी नको नको म्हणत असताना कव्हरावर पिवळा डाग पडला तो पडलाच.

व्हिसासाठी मुंबईला इटलीच्या वकिलातीत मीच तिला घेऊन गेले. थंडगार खोली, गुळगुळीत फरशी, भिंतीवर संगमरवरी पुतळ्यांची चित्रं. काकी खुर्चीत बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलामागे त्यांच्याकडची एक वयस्क बाई होती. कशासाठी जायचंय, तिनं इंग्रजीत विचारलं. मी पुतण्याला भेटायला म्हणणार होते; पण 'पुतण्या'ला इंग्रजीत शब्द कोणता यावर अडखळले. तेवढ्यात काकीनं तिचा हात टेबलावर ठेवला. मी मग नीटच सांगितलं. हे नाव तुमच्या देशात जळलं, आणि हिला तिथे जायचंय.

ती बाई गोंदणाकडे बघत राहिली. तिनं विचारलं, हे पुसलं जात नाही का? मी काकीला सांगितलं. काकी म्हणाली, "सरनावर बी शेवटाला जळतंय म्हनत्यात." मी त्याचं भाषांतर केलं की नाही ते आठवत नाही. ती बाई आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारलेला होता. परत देताना तिनं तो दोन्ही हातांनी दिला.

दसऱ्याआधी काकी विमानात बसली. गळ्यात पासपोर्टची कापडी पिशवी, बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आत जाताना तिनं मागे वळून बघितलं नाही, कारण मी तिला सांगितलं होतं की वळून बघितलं तर मी रडेन. मी तरी रडलेच. जी बाई साताऱ्यालाही कधी एकटी गेली नव्हती ती माझ्या फळ्यावरचे सगळे डोंगर आणि समुद्र ओलांडून चालली होती, आणि मी खाली उभी राहून आभाळाकडे बघत होते.

धाकटा आणि ती एकत्रच परत आले, दिवाळीला. मीही गावी होते. सगळे सोप्यात बसलो, जिथे तो फोटो पहिल्यांदा निघाला होता. आबा खांबाला टेकून. काकी दाराआड.

लोकांनी विमानाचं विचारलं, बर्फाचं विचारलं, तिकडे जेवली काय ते विचारलं. ती थोडक्यात सांगत होती. सगळे पांगल्यावर मी म्हटलं, "आणि तिथं?"

"धाकल्यानं मला नाव दाखवलं," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती ते आबांना. "त्यांचं नाव दगडावर हाय, पदरानं पुसून घेतलं चांगलं. धूळ बसलीया लय. मग त्येच्या खाली हात टेकवला, असा. दगूड गरम झाला माज्या हातानं, तवर ठिवला. आता दोगं बी हाईत तितं."

बाहेर पोरं फटाके लावत होती. मग आबांनी दाराकडे तोंड केलं आणि, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, मध्ये कुणाला न घालता विचारलं, "थंडी हुती का गं तितं? त्याला थंडी सोसायची न्हाई."

दाराआड बांगड्या नसलेल्या हाताची हालचाल झाली. काकी उठून चौकटीत आली, पदर सावरून, आणि आबांच्या पायाकडे बघत म्हणाली, "न्हाई जी. ऊन हुतं."